ऑनलाइन भाडेकरार सेवेचं परीक्षण: करार करायला सोपी, मुदतीआधी घर सोडणाऱ्यासाठी अपुरी

महाराष्ट्रात भाड्याचं घर घेताना हल्ली बरेच जण नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवरून लिव्ह अँड लायसन्स करार करतात. कुणी स्वतः पोर्टलवर बसून करतं, कुणी थंब म्हणजे अंगठ्याचा ठसा घ्यायला घरी येणाऱ्या एजंटकडून करून घेतं. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, पण एका ठरावीक ग्राहकासाठी. जो भाड्याने राहता राहता स्वतःचं घर घेतो आहे आणि ज्याला अकरा महिने भरायच्या आत निघावं लागण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी.

आधी मत सांगतो. नोंदणीची सोय उत्तम आहे. तयार ड्राफ्ट कामचलाऊ आहे. मुदतीआधी बाहेर पडण्याचा विषय मात्र ड्राफ्टमध्ये एका कलमात उरकलेला आहे, आणि तेवढ्यावर विसंबून सही केली तर एक-दोन महिन्यांचं भाडं जाऊ शकतं किंवा सगळं डिपॉझिट अडकू शकतं. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, पण तो थंब देण्याआधी करायचा असतो. नंतर घरमालकाच्या मर्जीवर सगळं अवलंबून राहतं.

सेवेच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही. मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्षांची माहिती, भाडं, डिपॉझिट आणि मुदत भरली की ड्राफ्ट तयार होतो. आधारशी जोडलेला अंगठा आणि वेबकॅमवरचा फोटो झाला की दस्त ऑनलाइन दाखल होतो, आणि मंजुरीनंतर नोंदणीकृत प्रत व इंडेक्स टू (सूची क्र. २, म्हणजे नोंदणीचा गोषवारा) उतरवून घेता येतात. घरमालक मुंबईत आणि भाडेकरू पुण्यात असला तरी दोघांना एका टेबलाशी बसावं लागत नाही, वेगवेगळ्या दिवशी थंब देता येतो.

खर्चही आवाक्यात आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याजही मोजतात. महिना २८,००० भाडं, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने मुदत असेल तर शुल्क साधारण ८०० रुपये येतं. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००, शिवाय दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं. यावर एजंट जे घेतो ती त्याची मजुरी. म्हणून एजंटने एकच ठोक आकडा सांगितला तर सरकारी चलन किती आणि त्याचे किती, हे वेगळं विचारावं. करार लवकर संपला म्हणून यातला एक रुपयाही परत येत नाही.

नोटरी केलेल्या साध्या करारापेक्षा ही सेवा निश्चित चांगली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य इतर राज्यांत चालत असेल, महाराष्ट्रात चालत नाही. मुदत ११ महिन्यांचीच हवी असंही नाही. याच दराने ६० महिन्यांपर्यंतचा करार होतो आणि तीन महिन्यांचाही होतो. घर घेणाऱ्या माणसाच्या हे दुसरं टोक फार कामाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

करार रद्द करण्याचं कलम

तयार ड्राफ्टमधल्या या कलमाचा आशय असा आहे: लॉक-इन कालावधी (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) असल्यास त्याच्या अधीन राहून, भाडेकरूने भाडं थकवलं किंवा अटी मोडल्या तर घरमालक एका महिन्याची लेखी नोटीस देऊन करार रद्द करू शकेल, आणि भाडेकरूलाही एका महिन्याची लेखी नोटीस देऊन घर सोडता येईल. पुढचं कलम ताब्याचं आहे. मुदत संपल्यावर किंवा करार रद्द झाल्यावर भाडेकरू राहून गेला तर रोजच्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई.

वाचताना हे दोघांना समान वाटतं. खरी मेख पहिल्या शब्दांत आहे: लॉक-इनच्या अधीन राहून. लॉक-इनचा रकाना रिकामा ठेवला तर तुम्ही पहिल्या महिन्यातही नोटीस देऊ शकता. तिथे ६ लिहिलं तर सहा महिने अडकता. आणि एजंटने आधीच्या ग्राहकाचा ड्राफ्ट उचलून ११ ठेवले असतील तर नोटिशीचं कलम तुमच्यापुरतं कागदावरच राहतं, कारण लॉक-इन संपतो त्याच दिवशी करारही संपतो. थंब देताना बहुतेक जण नाव, भाडं आणि डिपॉझिट तपासतात. लॉक-इनचा आकडा क्वचितच कुणी पाहतं, आणि मुदतीआधी निघणाऱ्यासाठी सगळ्यात महाग तोच पडतो.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे. समजा करार १ जुलैपासून, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. ३१ डिसेंबरला लॉक-इन संपतो. भाडेकरू १ डिसेंबरला नोटीस देतो आणि महिनाअखेर निघायचं म्हणतो. घरमालक म्हणतो, लॉक-इनमध्ये नोटीसच देता येत नाही, १ जानेवारीला द्या आणि जानेवारीचं भाडं भरा. ड्राफ्टचे शब्द दोन्ही अर्थांना जागा देतात. २८,००० रुपयांचा हा वाद एका ओळीने मिटतो: "नोटीस लॉक-इन कालावधीतही देता येईल; मात्र घर सोडण्याची तारीख लॉक-इन संपल्यानंतरची असेल."

तिसरं म्हणजे महिना कुठून मोजायचा? करार १० तारखेपासून सुरू असेल आणि नोटीस ३ तारखेला दिली तर एक महिना पुढच्या ३ तारखेला पुरा होतो. पण अनेक घरमालक ९ तारखेपर्यंतचं भाडं धरतात. "नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, आणि शेवटच्या महिन्याचं भाडं दिवसांच्या हिशोबाने" असं लिहिलं की प्रश्न उरत नाही.

थंब देण्याआधी कोणत्या अटी घालाव्यात

पोर्टलवर तयार कलमांशिवाय स्वतःच्या इतर अटी लिहिण्याची सोय आहे. एजंट ती सहसा वापरत नाही, कारण टायपिंग वाढतं. पण ग्राहकाने मजकूर आयता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरत नाही. घरखरेदीसाठी आम्ही सुचवतो तो मजकूर असा (यात "लिहून घेणार" म्हणजे भाडेकरू):

"लिहून घेणार यांनी स्वतःच्या, पती/पत्नीच्या अथवा आईवडिलांच्या नावे राहण्यासाठी सदनिका खरेदी करून खरेदीचा दस्त नोंदवला असेल आणि ताब्याची तारीख बिल्डरने अथवा विक्रेत्याने लेखी कळवली असेल, तर लॉक-इन कालावधी शिल्लक असला तरी लिहून घेणार यांना ४५ दिवसांची लेखी नोटीस देऊन हा करार संपवता येईल. नोटिशीसोबत सूची क्र. २ व ताब्याच्या पत्राची प्रत जोडावी लागेल. त्यापोटी लिहून घेणार हे पंधरा दिवसांच्या भाड्याइतकी रक्कम देतील. याव्यतिरिक्त लॉक-इनपोटी कोणतीही रक्कम देणे लागणार नाहीत."

यातला प्रत्येक भाग घरमालकाची एकेक शंका दूर करण्यासाठी आहे. नुसतं "घर घेतल्यास" लिहिलं तर त्याला वाटतं, तीन वर्षांनी मिळणाऱ्या घराचा कागद दाखवून हा उद्या निघेल. म्हणून ताब्याची लेखी तारीख. एका महिन्याऐवजी ४५ दिवस आणि वर अर्ध्या महिन्याचं भाडं, म्हणजे नवा भाडेकरू शोधायला वेळ आणि ब्रोकरेजचा काही भाग त्याला मिळतो. ज्या घरमालकाला हे मान्य नाही, त्याच्याकडून निदान लॉक-इन तीन महिन्यांवर आणून घ्यावा. तेही नको म्हणाला तर दुसरं घर बघावं, कारण हाच माणूस सहाव्या महिन्यात मऊ होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

या सोबत आणखी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. नोटीस ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली चालेल, आणि दोघांचे पत्ते-नंबर करारातच. डिपॉझिट चावी परत देताना त्याच दिवशी बँकेतून परत, "नवा भाडेकरू आल्यावर" नाही. रंगकामाचा खर्च ठरावीक आकड्यात. "रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं" हा रिवाज अनेक ठिकाणी आहे, पण पाच महिने राहिलेल्या माणसाने अकरा महिन्यांचा रंग भरावा हे पटण्यासारखं नाही. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असं लिहिता येतं.

एजंट कसा निवडावा

सरकारी यंत्रणा सगळीकडे एकच असल्याने एजंटांमधला फरक ड्राफ्ट हाताळण्यात दिसतो. चांगला एजंट थंबच्या आदल्या दिवशी पूर्ण ड्राफ्टची पीडीएफ पाठवतो, लॉक-इन आणि नोटीस हे दोन आकडे स्वतःहून विचारतो, जादा अटी टाकून देतो, आणि नोंदणीनंतर पावती, इंडेक्स टू व दस्त अशा तिन्ही प्रती देतो. वाईट एजंट ड्राफ्ट लॅपटॉपवर दाखवतो, भराभर खाली सरकवतो आणि "स्टँडर्ड आहे" म्हणतो. ड्राफ्टची पीडीएफ आधी न पाठवणाऱ्याला काम देऊ नये. अंगठा लागून दस्त दाखल झाल्यावर त्यात खाडाखोड होत नाही. बदल करायचा तर पुन्हा नवा दस्त, पुन्हा शुल्क.

घरबसल्या नोंदणीची ही सगळी सोय करार करण्यासाठी आहे. तो मध्येच संपवायचं काम पक्षकारांनी आपसात लेखी करायचं. बहुतेक निवासी करारांत दोघांच्या सहीची ताबा पावती पुरते. घरमालक नोंदणीकृत रद्दलेखच हवा म्हणाला, तर त्यासाठीचं मुद्रांक आणि निबंधक कार्यालयाचा खर्च कुणी करायचा हे आधी ठरवावं. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, त्यामुळे जुन्या हिशोबावर जाऊ नये.

नोटीस कधी द्यावी

इथे चूक झाली तर उत्तम करारही वाचवत नाही. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बिल्डरचा "पझेशन डिसेंबरमध्ये" हा निरोप म्हणजे ताबा नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आलं का, हा एकच प्रश्न विचारावा आणि प्रत मागावी. महारेराच्या म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं आणि पूर्णत्वाची तारीखही पाहता येते. ओसीआधी "फिट-आउटसाठी चावी" देण्याची पद्धत आहे. त्यात फर्निचरचं काम सुरू होतं, पण पाणी, लिफ्ट, वीजमीटर यांतलं काहीतरी अडलेलं असतं आणि राहायला जाता येत नाही. त्या चावीच्या भरवशावर नोटीस देऊ नये.

ओसी आल्यावर मात्र वेळ बांधता येते. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ओसीनंतर दोन महिन्यांच्या आत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो. या दोन महिन्यांत अंतिम हप्ता, बँकेचं शेवटचं वितरण, सोसायटीच्या देखभालीचे आगाऊ पैसे, घराची पाहणी आणि दोषांची यादी हे सगळं होतं. मग किचन ट्रॉली, कपाटं, ग्रिल, पंखे-दिवे. मॉड्युलर किचनला ऑर्डरपासून बसवण्यापर्यंत चार-पाच आठवडे धरावेत. नव्या सोसायटीत ठोकाठोकीची कामं ठरावीक वेळात आणि रविवारी बंद, त्यामुळे सुतार सांगतो त्यापेक्षा दोन आठवडे जास्त. म्हणून एक महिन्याची नोटीस असेल तर ती ताबापत्र हातात आल्यावर आणि किचनची ऑर्डर दिल्यावर द्यावी, ओसीच्या दिवशी नव्हे. पंधरा दिवसांचं भाडं जास्त गेलं तर चालतं. नोटीस संपली आणि घर तयार नाही, ही अवस्था जास्त महाग, कारण तेव्हा दुप्पट भरपाईचं कलम लागू होतं आणि नवा भाडेकरू दारात उभा असतो.

बिल्डरने करारातली ताब्याची तारीख चुकवली तर रेराच्या कलम १८ खाली भरलेल्या पैशांवर व्याज मागता येतं. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरहून (कर्जासाठीच्या आधारभूत व्याजदराहून) दोन टक्के जास्त आहे. भाडं आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नसते. भाड्याच्या पावत्या आणि बिल्डरचे तारखा बदलल्याचे मेल जपून ठेवावेत.

रिसेलचं गणित वेगळं. तिथे घर तयार असतं, पण ताबा पूर्ण पैसे मिळाल्यावरच मिळतो, आणि ते पैसे तुमच्या बँकेच्या हातात असतात. विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज असेल तर आधी त्याचं कर्ज फिटणार, मूळ कागद सुटणार, मग पुढचं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद द्यावेत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हे ३० दिवस वेळापत्रकात धरायलाच हवेत. विकत घेतलेल्या घरात दुसरा भाडेकरू राहत असेल तर त्याच्या कराराची प्रत मागावी आणि तो किती तारखेला निघतो हे त्याच्या सहीने घ्यावं. त्याचाही लॉक-इन आणि नोटीस असते. त्याची तारीख पक्की होईपर्यंत आपली नोटीस देऊ नये.

नोटीस साधी लिहावी. कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख, घराचा पत्ता, कोणत्या कलमाखाली नोटीस, घर सोडण्याची नेमकी तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि ते कोणत्या खात्यात हवं. ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, तिन्ही मार्गांनी पाठवावी. फोनवर "हो हो, चालेल" म्हणालेल्या घरमालकालाही पाठवावी. वाद झाला तर तारीख सिद्ध करणारा तेवढाच कागद असतो.

लॉक-इन शिल्लक असेल तर

सही होऊन गेली, लॉक-इन पूर्ण अकरा महिन्यांचा, आणि पाचव्या महिन्यात ताबा मिळाला. घरमालक हिशोब मांडतो: उरलेले सहा महिने गुणिले २८,०००, म्हणजे १,६८,०००. त्यातून डिपॉझिटचा लाख वळता, वर ६८,००० द्या.

कायद्यात हे इतकं सरळ नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा संबंध प्रत्यक्ष नुकसानीशी जोडला आहे. नुकसान कमी करण्याचे वाजवी प्रयत्न केले का, हेही कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार पाहिलं जातं. घर एका महिन्यात पुन्हा भाड्याने गेलं तर घरमालकाचं नुकसान एक महिन्याचं भाडं आणि ब्रोकरेज, सहा महिने नव्हे. अर्थात निकाल कराराच्या शब्दांवर आणि पुराव्यावर ठरतो.

पण व्यवहारात पारडं घरमालकाकडे झुकतं, आणि हे भाडेकरूने ओळखून असावं. भाडेकरू मुदतीनंतर घर सोडत नसेल तर घरमालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येतं. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरला जातो. डिपॉझिट अडकलेल्या भाडेकरूला असा जवळचा रस्ता नाही. वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. लाखभरासाठी तो कुणी लढत नाही, आणि घरमालकांना ते माहीत असतं. डिपॉझिट मोठं असेल तर आणखी एक गोष्ट घडते: घरमालकाने ते पैसे स्वतःच्या कर्जात किंवा दुसऱ्या घरात गुंतवलेले असतात आणि पुढच्या भाडेकरूचं डिपॉझिट आल्याशिवाय त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. त्याची नियत वाईट असेलच असं नाही, त्याची अडचण खरी असते.

म्हणून सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे बदली भाडेकरू आणून देणं. नोटिशीसोबतच घरमालकाला लेखी कळवावं की घर दाखवायला अमुक दिवशी अमुक वेळ खुलं आहे. ब्रोकरकडे आणि सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः टाकावं. घर आवरलेलं ठेवावं, नळ-गळती दुरुस्त करावी, कारण घर जितक्या लवकर जाईल तितका तुमचा पैसा वाचतो. नव्या भाडेकरूची कागदपत्रं घरमालकाने तपासावीत, निवड त्याची. त्याच्या ब्रोकरेजचा अर्धा भाग द्यायची तयारी दाखवली तर बोलणं सहसा इथेच मिटतं: अर्धा महिना ब्रोकरेज आणि घर रिकामं राहिलेल्या दिवसांचं भाडं. हे ठरलं की मेलवर दोन ओळी, "या रकमेत लॉक-इनचा हिशोब पूर्ण, बाकी डिपॉझिट अमुक तारखेला परत", आणि घरमालकाचं "मान्य" हे उत्तर. मग सामान हलवावं, आधी नाही.

डिपॉझिटमधून शेवटचे महिने वळते करून घ्या, असं अनेक जण सुचवतात. घरमालकाच्या लेखी संमतीने केलं तर उत्तम. परस्पर भाडं थांबवलं तर मात्र तुम्हीच भाडं थकवलेले ठरता आणि रद्द करण्याचं कलम तुमच्यावर उलटतं.

चावी देण्याच्या दिवशी

खोलीवार व्हिडिओ काढावा, सामान हलवल्यावर. वीजमीटरचं रीडिंग फोटोत तारखेसह. महावितरणचं शेवटचं बिल नंतर येतं, त्यासाठी दोन-तीन हजार राखून बाकी डिपॉझिट त्याच दिवशी द्यावं, हे दोघांना सोयीचं. पाइप गॅस तुमच्या नावावर असेल तर कंपनीला आधी कळवून अंतिम बिल घ्यावं, सिलिंडर असेल तर वितरकाकडून ट्रान्सफर व्हाउचर. सोसायटीच्या कार्यालयाला सामान हलवण्याची तारीख आधी कळवावी. गेटपास आणि लिफ्टचे पैसे भरले नाहीत म्हणून टेम्पो गेटवर थांबतो, आणि थांबल्या टेम्पोचं भाडं चालूच राहतं.

ताबा पावतीत इतकं यावं: कराराचा दस्त क्रमांक, घर परत दिल्याची तारीख, चाव्या किती, मीटर रीडिंग, डिपॉझिटमधून काय कापलं आणि कशासाठी, किती परत केलं व त्याचा बँक व्यवहार क्रमांक, आणि "यापुढे एकमेकांकडे काही येणे-देणे नाही". दोघांच्या सह्या. डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचं पाहूनच शेवटची चावी द्यावी.

मुदत संपते आहे आणि नवं घर अजून तयार नाही

ही उलटी परिस्थितीही तितकीच येते. अकरा महिने संपले, ताब्याला दोन महिने आहेत, आणि घरमालक पुन्हा अकरा महिन्यांचा करार नव्या लॉक-इनसह मागतो. इथे ही ऑनलाइन सेवा खरोखर उपयोगी पडते, कारण दोन किंवा तीन महिन्यांचाही करार तिच्यात नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क भाड्याच्या प्रमाणात, नोंदणी फी तीच. घरमालक छोट्या मुदतीला नाखूश असतो, म्हणून भाडं थोडं वाढवून द्यायची तयारी ठेवावी. किंवा अकरा महिन्यांचाच करार लॉक-इनशिवाय करावा. कराराविना "दोन महिने असेच राहा" हे मात्र टाळावं. जुना करार संपला की दुप्पट भरपाईचं कलम डोक्यावर येतं, आणि वर तोंडी आश्वासनाला पुरावा नसतो.

कराचं एक काम मुदतीआधी निघणाऱ्यांकडून हमखास राहतं. महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो. हा दर ऑक्टोबर २०२४ पासूनचा, आधी ५ टक्के होता. वर्षभर राहिलात तर तो मार्चमध्ये एकदा कापतात. मध्येच घर सोडलं तर मात्र राहण्याच्या शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून, त्या आर्थिक वर्षातल्या सगळ्या महिन्यांचा एकदम, आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. शेवटचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं केलं असेल तर कापायला रक्कमच उरत नाही आणि टीडीएस खिशातून जातो. त्यामुळे शेवटचा हिशोब मांडतानाच तो धरावा. घरमालक अनिवासी भारतीय असेल तर ५०,००० ची मर्यादा लागूच होत नाही आणि दर बराच जास्त असतो. पुण्या-मुंबईत असे घरमालक भरपूर आहेत, तेव्हा त्यांच्याशी करार करतानाच सीएला विचारून घ्यावं. घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्यांनी घर सोडल्याची तारीख कार्यालयात कळवावी. वर्षाचं भाडं एक लाखापेक्षा जास्त असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि तो चावी देण्याआधी मागितलेला बरा.